आर्थिक सल्ल्याची नीती

पैशाच्या व्यवहारात आपल्या समाजाला तीन माणसे फार जुन्या काळापासून ठाऊक आहेत : सावकार, व्यापारी आणि दलाल. सावकाराचे व्याज कितीही जाचक असो, तो व्याज घेण्यासाठीच बसला आहे हे ऋणको घरातून निघतानाच जाणून असतो. व्यापारी माल विकतो तो नफ्यासाठी. दलालाला दलाली लागते, आणि ती किती लागते हे बाजारात सर्वांना माहीत असते. या तिघांशी बोलताना साधाभोळा मनुष्यही थोडा सावध असतो. घासाघीस करतो, चार ठिकाणी चौकशी करतो. परंतु गेल्या शंभर वर्षांत एक चौथा मनुष्य उदयास आला आहे. तो कर्ज देत नाही, माल विकीत नाही, निदान विकीत नाही असे सांगतो. तुमच्या शिलकीचे काय करावे, एवढेच तो तुम्हांला सांगतो. त्याला आपण आर्थिक सल्लागार म्हणतो. याच्यासमोर बसताना मनुष्य आपला सावधपणा बाहेर चपलांशेजारी ठेवून आत येतो, कारण हा आपल्या बाजूचा आहे असे त्याने मनाशी धरलेले असते.

या चौथ्या माणसाने कसे वागावे, हा प्रश्न आज घरोघरचा झाला आहे. निवृत्त झालेल्या शिक्षकाला फंडाची रक्कम एकदम हाती येते. एखाद्या विधवेला पतीच्या विम्याचे पैसे मिळतात. शेतजमीन विकून आलेली रक्कम भावाभावांत वाटली जाते. अशी रक्कम आयुष्यात बहुधा एकदाच येते. तिच्याविषयी सल्ला चुकला तर दुरुस्तीला दुसरे आयुष्य मिळत नाही. म्हणून या सल्ल्याची नीती कोणती, ती कोठून आली आणि कोणत्या ठेचा खाऊन ठरली, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

कोणालाही विचारा, चांगला सल्लागार कोण? उत्तर येईल : ज्याचा सल्ला खरा ठरतो तो. हे उत्तर स्वाभाविक आहे, पण इतिहासाने ते मान्य केलेले नाही. जवळजवळ तीनशे वर्षे न्यायालये या प्रश्नाशी झगडत आली आणि त्यांनी कसोटी लावली ती निराळीच. ती कसोटी समजण्यासाठी प्रथम लंडनला जावे लागेल.

इ. स. १७२० मध्ये इंग्लंडात ‘साउथ सी’ कंपनीच्या शेअर्सचा फुगा फुटला आणि हजारो कुटुंबे बुडाली. या बुडीत पैशांत एक विशेष लज्जास्पद भाग होता. चॅन्सरी न्यायालयात अज्ञान मुलांचे, विधवांचे आणि वादात अडकलेल्या इस्टेटींचे पैसे ठेव म्हणून असत. ते सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी काहींनी हा परका पैसा सट्ट्यात घातला होता. त्या न्यायालयाचे प्रमुख लॉर्ड चॅन्सेलर मॅकल्सफील्ड यांनी या अधिकाऱ्यांच्या जागा पैसे घेऊन विकल्या होत्या. १७२५ साली पार्लमेंटाने त्यांच्यावर खटला चालविला आणि तीस हजार पौंडांचा दंड ठोठावला. त्यांच्या जागी लॉर्ड किंग आले, आणि पुढच्याच वर्षी, १७२६ साली, त्यांच्यापुढे ‘कीच विरुद्ध सँडफर्ड’ हा छोटासा खटला आला.

खटल्यातील हकीकत अशी. रॉमफर्ड येथील बाजाराचे उत्पन्न पट्ट्याने घेतलेले होते आणि हा पट्टा एका अज्ञान मुलासाठी एका विश्वस्ताच्या नावे होता. पट्ट्याची मुदत संपत आली तेव्हा विश्वस्ताने मालकाकडे जाऊन मुलाच्या वतीने तो पुन्हा मागितला. मालकाने साफ नकार दिला. अज्ञान मुलाशी करार करून त्याचा पैसा वसूल कसा करावयाचा, ही त्याची अडचण होती. तेव्हा विश्वस्ताने तो पट्टा स्वतःच्या नावे, स्वतःसाठी घेतला. मुलाच्या वतीने दावा झाला. आता विचार करा : या मनुष्याने कोणाला फसविले? मुलाला तो पट्टा मिळणारच नव्हता. विश्वस्ताने आधी मुलासाठी प्रयत्नही केला होता. तरीही लॉर्ड किंग यांनी निकाल दिला की, पट्टा मुलाच्या स्वाधीन करावा आणि मधल्या काळातील उत्पन्नाचा हिशेब द्यावा. विश्वस्त हा जगातील एकच मनुष्य असा आहे की ज्याला तो पट्टा घेता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. कारण न्यायाधीशांना त्या एका विश्वस्तापुरते पाहावयाचे नव्हते. एकदा ही वाट मोकळी झाली की पुढचा प्रत्येक विश्वस्त मालकाकडे जाऊन मुलासाठी मागणी किती जोराने करील, हे त्यांनी ओळखले होते.

निकाल कठोर आहे. मला स्वतःला तो त्या विश्वस्तावर थोडा अन्याय करणारा वाटतो. पण मॅकल्सफील्ड प्रकरणाच्या दुसऱ्याच वर्षी, त्याच आसनावर बसलेल्या न्यायाधीशाला दुसरे काही सुचले असते असे म्हणवत नाही.

यानंतर शंभर वर्षांनी अमेरिकेत बॉस्टन शहरी दुसरा खटला झाला आणि त्याने या नीतीची दुसरी बाजू उजेडात आणली. जॉन मॅक्लीन नावाचा व्यापारी १८२३ साली मृत्यू पावला. त्याने पन्नास हजार डॉलर्स दोन विश्वस्तांकडे सोपविले होते. उत्पन्न पत्नीला द्यावयाचे, आणि तिच्या पश्चात मुद्दल हार्वर्ड कॉलेज व मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल यांना निम्मे निम्मे. विश्वस्तांनी पैसा गिरण्यांच्या आणि विमा कंपन्यांच्या शेअर्समध्ये गुंतविला. लाभांश चांगला आला. बाईंना उत्पन्न मिळाले. पण पुढे भाव उतरले आणि मुद्दल घटले. कॉलेज आणि हॉस्पिटल म्हणू लागले की हा तोटा विश्वस्तांनी भरून द्यावा. १८३० साली न्यायमूर्ती सॅम्युअल पटनम यांनी तो दावा फेटाळला. कसेही करा, पैसा धोक्यातच असतो, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी रोखा घ्या, जमीन घ्या, शेअर घ्या. पूर्ण निर्धास्त असे काही नाही. विश्वस्ताने प्रामाणिकपणे, शहाणा मनुष्य स्वतःच्या कायमच्या पुंजीची व्यवस्था जशी लावील तशी ती लावावी, एवढेच मागता येते.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. लंडनच्या विश्वस्ताच्या हातून मुलाचे एका पैशाचेही नुकसान झाले नव्हते, तरी तो दोषी ठरला. बॉस्टनच्या विश्वस्तांच्या हातून मुद्दल घटले, तरी ते निर्दोष सुटले. नुकसान हा पाप मोजण्याचा मापदंडच नव्हे, असा या दोहोंचा एकत्रित अर्थ होतो. दुसऱ्याच्या पैशाशी संबंध असताना मनुष्याने स्वतःसाठी काय घेतले, आणि ते उघडपणे घेतले की कसे, याकडे न्यायालयाची नजर होती. सल्लागाराच्या नीतीचा पाया येथे घातला गेला; मात्र तो विश्वस्तांपुरता. केवळ सल्ला देणाऱ्याला तो लागू होण्यास आणखी शंभर वर्षे आणि अनेकांची राखरांगोळी व्हावी लागली.

त्यातील एक राखरांगोळी आपल्याच मुंबईत झाली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षांत शहरात पैशाचा असा पूर लोटला की तो ठेवावा कोठे हेच समजेना. मग बँका निघाल्या, फायनान्शियल असोसिएशने निघाली, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरची किंमत पन्नास हजारांच्या घरात गेली. या सर्व उलाढालीच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद हे विलक्षण बुद्धीचे गृहस्थ होते. नव्या कंपनीचे शेअर्स कोणाला किती द्यावयाचे हे बव्हंशी त्यांच्या शब्दावर ठरे. त्यांच्या तोंडून एखाद्या कंपनीचे नाव निघाले की बाजार तिकडे धावे. प्रेमचंद शेटजींना मी लबाड म्हणत नाही. त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि आपल्या मातोश्रींच्या नावाच्या राजाबाई टॉवरसाठी दोन-दोन लाख रुपये दिले, आणि तो मनोरा आजही उभा आहे. मुद्दा एवढाच की सल्ला देणारा, शेअर वाटणारा, स्वतः शेअर धरणारा आणि त्या शेअरवर कर्ज मिळवून देणारा हे चारी अधिकार एकाच माणसाच्या ठायी आले होते, आणि त्यात काही गैर आहे असे त्या वेळी कोणालाच वाटत नव्हते.

बँक ऑफ बॉम्बे ही तर सरकारी भाग असलेली, १८४० साली स्थापन झालेली संस्था. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुनी बंधने सैल झाली आणि ती शेअर्सच्या तारणावर कर्जे देऊ लागली. ज्या कंपन्यांचे शेअर तारण म्हणून येत, त्या कंपन्यांशी कर्ज मागणाऱ्यांचे आणि कर्जाची शिफारस करणाऱ्यांचे लागेबांधे असत. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस मुंबईच्या इतिहासात काळा दिवस म्हणून राहिला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला. १८६८ साली बँक मोडली व चौकशी आयोग बसला. डॉ. भाऊ दाजींसारख्या विद्वानालाही या लाटेची जबर झळ लागली. दिनशा वाच्छा त्या वेळी विशी ओलांडलेले तरुण होते. त्यांनी १९१० साली या काळावर एक लहानसे पुस्तक लिहिले. मुंबईच्या या प्रकरणाची माहिती ज्याला हवी त्याने ते अवश्य चाळावे.

एक योगायोग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या १८७५ साली मुंबईच्या शेअर दलालांनी आपली रीतसर संघटना बांधली, त्याच १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. एकीकडे भाव पुकारणाऱ्यांची सभा, दुसरीकडे ऐकणाऱ्यांची. असो.

दलालांची संघटना झाली, नियम झाले. पण ते दलालांनी दलालांशी कसे वागावे याचे. ज्याला सल्ला दिला जातो त्याचा विचार त्यात फारसा नव्हता. तो विचार पुढे आला अमेरिकेत, आणि तोही १९२९ च्या प्रलयानंतर.

तेथे लुई ब्रँडाइस या वकिलाने १९१३-१४ मध्ये दुसऱ्यांच्या पैशावर मोठ्या होणाऱ्या बँकर्सविषयी लेखमाला लिहून बजावले होते की, जे काही कमिशन घ्यावयाचे ते लोकांना दिसेल असे छापा. ब्रँडाइस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, त्यांचे पुस्तकही गाजले. पण १९२० नंतरच्या तेजीत ते ऐकावयाला कोणाला सवड होती? न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेने आपल्या अंगभूत कंपनीमार्फत देशभर विक्रेते नेमले. हे विक्रेते बँकेच्या नावाने जात आणि बोलत मात्र सल्लागाराच्या भाषेत. विशिष्ट रोखे अधिक खपविणाऱ्याला बक्षीस, अशा स्पर्धा त्यांच्यात लावल्या जात. पेरू देशाच्या सरकारचे नऊ कोटी डॉलर्सचे रोखे १९२७ व १९२८ साली लोकांच्या गळ्यात घालण्यात आले. पेरूची पत वाईट आहे, असे कळविणारे अहवाल कंपनीच्या स्वतःच्या दप्तरात पडून होते. विकत घेणाऱ्यांना त्यांचा पत्ता नव्हता.

हे सारे उघड झाले ते १९३३ च्या फेब्रुवारीत, सिनेटच्या समितीपुढे. समितीचे वकील फर्डिनांड पेकोरा हे सिसिलीहून लहानपणी आलेल्या कुटुंबातले. त्यांनी बँकेचे अध्यक्ष चार्ल्स मिचेल यांना शांतपणे, कागद पुढे ठेवून एकामागून एक प्रश्न विचारले, आणि काही दिवसांतच मिचेल यांना राजीनामा द्यावा लागला. पण मला त्या सुनावणीतील मिचेलपेक्षा दुसऱ्याच एका साक्षीदाराची आठवण अधिक महत्त्वाची वाटते. पेनसिल्व्हेनियातील एका लहान गावचा हा गृहस्थ. धंदा विकून त्याच्याकडे लाखभर डॉलर्स जमले होते, आणि ते बहुतेक सरकारी रोख्यांत होते. प्रकृतीसाठी कॅलिफोर्नियाला जावयाचे ठरले, तेव्हा त्याने मासिकात एक जाहिरात वाचली : आपण दूरच्या प्रवासाला निघाला असाल तर गावच्या बँकरचा सल्ला आपल्याला अंतरेल, तो आम्ही देऊ. जाहिरात या कंपनीची होती. त्याने पत्र टाकले. विक्रेता आला. सरकारी रोखे विकावयास लावून परदेशी रोखे घ्यावयास लावले. ते उतरू लागल्यावर शेअर्स घ्यावयास लावले. वर कर्जही काढून दिले. १९२९ साली हा मनुष्य भयभीत होऊन कचेरीत गेला आणि सर्व विकून टाका म्हणाला, तेव्हा तेथील विक्रेत्यांनी त्याला गराडा घालून असे करणे किती मूर्खपणाचे आहे हे पटविले. थोड्याच दिवसांत सर्व संपले.

या गोष्टीत गुन्हा कोणता? भाव उतरले हा नव्हे. ते साऱ्या जगाचेच उतरले. त्या गृहस्थाला विक्रेता हवा नव्हता. त्याने गावच्या बँकरची उणीव भरून काढणारा मनुष्य मागितला होता, आणि त्याला मिळाला तो विक्रेता. दारावरची पाटी एक, दुकानातला माल दुसरा.

त्याच काळात अमेरिकेत दुसऱ्या वळणाच्याही काही पेढ्या होत्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. बॉस्टनची स्कडर, स्टीव्हन्स आणि क्लार्क ही १९१९ साली निघालेली पेढी ग्राहकाकडूनच मेहनताना घेऊन सल्ला देणाऱ्या पहिल्या पेढ्यांपैकी गणली जाते. ज्याचे मीठ खातो त्याचेच हित पाहावयाचे, म्हणून मीठही त्याच्याच घरचे खावयाचे, असा हा सरळ हिशेब. १९४० साली जेव्हा गुंतवणूक सल्लागारांसाठी पहिला कायदा झाला, तेव्हा या वळणाच्या मंडळींनीच काँग्रेसपुढे सांगितले की आमच्या धंद्यात स्वार्थाचा संबंध शिरता कामा नये. कायद्याने नोंदणी सक्तीची केली, ग्राहकाला फसविणारी प्रत्येक युक्ती निषिद्ध ठरविली, आणि आणखी एक बारीक गोष्ट केली : ग्राहकाच्या नफ्यात वाटा घेण्यास मनाई केली. वरवर पाहता नफ्यातील वाटा हा उत्तम करार वाटतो. तुमचे भले तेच माझे भले. पण नफ्यात वाटा घेणारा तोट्यात वाटा घेत नाही. मग दुसऱ्याच्या पैशावर मोठी उडी मारण्याचा मोह त्याला झाल्यावाचून राहत नाही. पुढे श्रीमंत ग्राहकांपुरती ही मनाई सैल झाली, पण सामान्यांसाठी ती राहिली.

आता ज्या खटल्यासाठी मी इतका वेळ घेतला त्याकडे वळतो. कॅपिटल गेन्स रिसर्च ब्यूरो नावाची एक संस्था दरमहा एक पत्रक काढी. वर्षाची वर्गणी अठरा डॉलर्स आणि वर्गणीदार सुमारे पाच हजार. १९६० सालच्या मार्च ते नोव्हेंबर या काळात सहा वेळा एकच प्रकार घडला. संस्था एखाद्या कंपनीचे शेअर्स स्वतःच्या खात्यात घेई. थोड्याच दिवसांत पत्रकात तेच शेअर्स दीर्घ मुदतीसाठी घेण्यासारखे आहेत अशी शिफारस येई. वर्गणीदार खरेदीला धावत. भाव दोन-चार डॉलर्स चढे. आणि संस्था आपला माल विकून मोकळी होई. वर्गणीदारांना सांगितले दीर्घ मुदतीसाठी धरा, आणि स्वतः धरला तो आठ-पंधरा दिवस. यांत युनायटेड फ्रूट होती, युनियन पॅसिफिक रेल्वे होती. म्हणजे बुडीत कंपन्या नव्हत्या. एका वेळी तर उलटी चाल होती : आधी भाव उतरण्यावर पैसे लावावयाचे आणि मग पत्रकात तो शेअर महाग आहे असे लिहावयाचे. मिळालेला नफाही फार मोठा नव्हता.

सरकारच्या रोखे आयोगाने न्यायालयाकडे मागितले तेही फार नव्हते. या संस्थेने शिफारस करताना, आम्ही हा शेअर घेतला आहे आणि विकण्याचा विचार आहे, एवढे वर्गणीदारांना सांगावे असा हुकूम व्हावा. खालच्या न्यायालयाने नकार दिला. अपील झाले, आणि नऊ न्यायाधीशांपैकी पाच विरुद्ध चार अशा मतांनी पुन्हा नकारच आला. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांना तो पटेल. पत्रकात एक अक्षरही खोटे नव्हते. शिफारस मनापासून नव्हती असे कोणी दाखविले नाही. वर्गणीदाराचे नुकसान झाले असेही सिद्ध नाही. मग फसवणूक कशी म्हणावयाची?

९ डिसेंबर १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरविला. निकालपत्र न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांचे होते. न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. सल्लागाराचे नाते विश्वस्ताचे आहे, आणि तेथे फसविण्याचा हेतू व प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने ठरविले. शिफारशीने भाव वाढला की आपल्याला विकावयाचे आहे, हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तो शिफारस करताना स्वतःच्याही नकळत त्या बाजूला झुकेल. तो झुकला की नाही हे न्यायालय ठरवू शकत नाही, खुद्द सल्लागारही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ठरविण्याचा अधिकार ज्याचा पैसा आहे त्याचा. आणि त्याला तो बजावता यावा म्हणून सल्लागाराचा हात कोणत्या खिशात आहे हे त्याला दिसले पाहिजे.

रॉमफर्डच्या बाजाराचा निकाल असा दोनशे सदतीस वर्षांनी अठरा डॉलर्सच्या पत्रकापर्यंत येऊन पोहोचला. सल्ला खरा असूनही अप्रामाणिक असू शकतो, ही गोष्ट या खटल्याइतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कोठे मांडलेली माझ्या पाहण्यात नाही. मात्र या निकालाची एक कमजोर बाजूही आहे. त्याने उघड सांगण्यावर भर दिला, आणि धंद्याने लवकरच उघड सांगण्याची कला शिकून घेतली. बारीक टायपात, चाळीस पानांत, जेथे कोणी वाचणार नाही तेथे सर्व काही सांगितलेले असते. सांगितले म्हणजे ऐकले, असे कायदा धरून चालतो. माणसे तशी नसतात. शिवाय १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेच ‘लो’ या खटल्यात ठरविले की, व्यक्तीला उद्देशून नसलेली, सर्वांसाठी छापलेली पत्रके या कायद्याच्या नोंदणीच्या कक्षेत येत नाहीत. मुद्रणस्वातंत्र्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. पण एकाच वेळी लाखोंना सल्ला देणारा मोकळा, आणि दहा घरांना सल्ला देणारा बांधलेला, ही विसंगती तेव्हापासून शिल्लक राहिली. भारतातही रेडिओ-वर्तमानपत्रांच्या जागी भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून शेअर सुचविणाऱ्यांची गर्दी झाली, तेव्हा सेबीला २०२४ साली असा नियम करावा लागला की, नोंदणीकृत दलाल, फंड व इतर संस्थांनी नोंदणी नसलेल्या अशा सल्लेदारांशी संबंध ठेवू नये.

आपल्याकडे हा प्रश्न फार उशिरा, पण मोठ्या तीव्रतेने आला. म्युच्युअल फंडात शंभर रुपये घातले की सव्वादोन रुपयांपर्यंत रक्कम प्रवेशाच्या आकारणीत कापली जाई आणि ती विकणाऱ्याकडे जाई. गुंतविणाऱ्याला वाटे, सल्ला फुकट मिळाला. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने ही आकारणी बंद केली आणि सांगितले की सल्ल्याचे मोल गुंतविणाऱ्याने समजून उमजून वेगळे द्यावे. तत्त्व उत्तम. घडले काय? वेगळे पैसे देण्यास फारसे कोणी तयार होईनात, आणि विकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपला मोर्चा युनिट जोडलेल्या विमा पॉलिसींकडे वळविला, कारण तेथे कमिशन भरघोस होते. तेच ग्राहक, तोच दिवाणखाना, तोच चहा. फक्त पिशवीतून निघणारा कागद बदलला. एप्रिल २०१० मध्ये सेबीने चौदा विमा कंपन्यांना अशा पॉलिसी विकण्यास मनाई केली, विमा नियामकाने ती मानू नका म्हणून सांगितले, आणि दोन सरकारी संस्थांचे भांडण मिटविण्यास जूनमध्ये वटहुकूम काढावा लागला. निकाल विमा नियामकाच्या बाजूने लागला. त्याने सप्टेंबरपासून पॉलिसींवरील आकारणीला मर्यादा घातल्या. ग्राहकाच्या हिताचा प्रश्न अशा रीतीने कोणाच्या हद्दीत कोण, या वादात काही महिने हरवून गेला होता.

२०१३ साली सेबीने गुंतवणूक सल्लागारांचे नियम केले. त्यांत सल्लागाराचे नाते विश्वस्ताचे आहे हे स्पष्ट शब्दांत आले. त्याच वर्षाच्या जानेवारीपासून कमिशनविरहित थेट योजना सर्व फंडांना ठेवाव्या लागल्या. २०२० च्या दुरुस्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले : एकाच ग्राहकाला सल्लाही द्यावयाचा आणि मालही विकावयाचा, हे चालणार नाही, आणि ग्राहक म्हणजे एकटा नवरा नव्हे, बायको, अवलंबून असलेली मुले आणि आईवडील मिळून सारे कुटुंब. ज्याने हे कलम लिहिले त्याला आपली कुटुंबव्यवस्था चांगली ठाऊक असली पाहिजे. नवऱ्याला सल्ला आणि बायकोला विक्री, ही पळवाट आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात सापडली असती.

तरीही अडचण मूळ ठिकाणीच आहे. २०२४ साली देशातील म्युच्युअल फंडांची खाती वीस कोटींवर गेली. त्या सुमारास सेबीकडे नोंदलेले सल्लागार होते हजाराच्या आसपास. डॉक्टरला तपासणीचे पैसे देताना आपण कुरकुरत का होईना, पण देतो. वकिलाला तर आधी देतो. मात्र आयुष्याच्या पुंजीविषयी सल्ला देणाऱ्याने पाच हजार रुपये मागितले, की आपण तेथून उठतो आणि जो काहीच मागत नाही त्याच्याकडे जातो. हा न मागणारा मनुष्य वाईट असतो असे मुळीच नाही. कित्येक वितरकांनी आपल्या माणसांना पडत्या बाजारात धीर दिला आहे, नको त्या योजनेपासून आवरले आहे. त्यांचा दोष असला तर एवढाच की त्यांनी बरीच वर्षे स्वतःला सल्लागार म्हणविले, आणि आपण तो शब्द तपासला नाही.

२०२० च्या नियमांनी हा शब्दही सोडला नाही. कमिशनवर माल विकणाऱ्या कोणालाही आपल्या नावापुढे ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ किंवा ‘संपत्ती सल्लागार’ असे लावता येणार नाही, असे त्यांत आहे. अमेरिकेतही त्याच वर्षी जूनच्या अखेरीपासून, सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या दलालाने स्वतःस सल्लागार म्हणविण्यावर बंधन आले. आपल्याकडे हा नियम ३० सप्टेंबर २०२० पासून लागू झाला; आणि त्यानंतर गावोगावच्या कचेऱ्यांवरील पाट्या आणि नावाची कार्डे बदलावी लागली. फोन नंबर तोच राहिला, मालकाचे नाव तेच राहिले, आणि ‘सल्लागार’ या शब्दाच्या जागी ‘वितरक’ हा शब्द रंगविण्यात आला.